प्रधानजी फुलले होते

द्वारके, दिव्याची काच पुसायची पाळी आता रोज माझीच असते. एक दिवस तुझा, एक दिवस माझा, असं आपलं सोळा वर्षं चाललं. तुझा दिवस असला की काचेवर काजळीचा एक पट्टा हमखास राहायचा. मी बोट दाखवायची आणि तू म्हणायचीस, उजेड पडतोय ना, मग झालं की. आता काच लख्ख असते. परवा पुसून झाल्यावर ती हातात धरून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, तुला दाखवायला. मग परत जाऊन दिव्यावर बसवली.

शाळेत तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तुझ्या चौथीच्या मुली माझ्या तिसरीत आणून बसवल्यात, त्यामुळे वर्गात पाय ठेवायला जागा नाही. त्या सगळ्या अक्षर तुझ्यासारखं काढतात, प्रत्येक ओळ शेवटाला आभाळाकडे निघालेली. पहिल्या दिवशी मी लाल शाई उचलली होती. मग ठेवून दिली.

शोकसभा झाली. मोठ्या बाई बोलल्या, शाळाखात्याचे एक गृहस्थ बोलले, तुझ्या शिस्तीचं आणि वक्तशीरपणाचं कौतुक झालं. तुला हसू आलं असतं. सलग दोन दिवस वेळेवर शाळेत पोचलेली तू मला तरी आठवत नाहीस. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि लोकांना वाटलं हिचा गळा दाटून आलाय. तसं नव्हतं. माझ्यापाशी सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सभेला नव्हे, तुला सांगायची होती. सहा वर्षं मी ती पोटात ठेवली आहे. तुझ्या तापाच्या चौथ्या दिवशी तू जरा सावध होतीस, तेव्हा धीर करून मी म्हटलं, "द्वारके, तुला एक सांगायचंय." तू डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालीस, "उद्या सांग की. आज डोकं ठणकतंय." दुसऱ्या दिवशी तू मला ओळखलं नाहीस. म्हणून आता लिहून सांगते.

प्रधानजी फुलले होते. तू कुर्डुवाडीला असताना. मी पाहिलं आणि तुला कळवलं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. निम्मं तुला ठाऊक आहे, पण तू हयात असताना मला कुठलीच गोष्ट सलग सांगता आली नाही, मधेच तोडून तूच पुढचं सांगायचीस. आज ऐकून घे.

तू दर शनिवारी दुपारी मिशनच्या बंगल्यावर मडमबाईंकडे इंग्रजी शिकायला जायचीस. मी येत नसे. मला वाटायचं, हिला माझ्यापेक्षा शहाणं व्हायचंय. त्या बाईंची बहीण जपानात शिकवायला होती. तिनं तिकडच्या कुणा रोपवाल्याची चित्रांची यादी पाठवली होती आणि बाईंनी ती तुला वाचायच्या सरावाला दिली. त्यात तुला ते झाड सापडलं. कमरेएवढं झुडूप, त्यावर भाकरीएवढं फूल, आणि चित्र सगळं काळ्या शाईत. त्या फुलाला आपल्याकडे नाव नाही. इंग्रजीत पिओनी म्हणतात म्हणे. पण तू म्हणालीस, ते सगळ्या कुळाचं नाव झालं, ह्याचं स्वतःचं नाव निराळं आहे: हाना-दायजिन. फुलांचा प्रधान.

मी विचारलं, प्रधानच का, राजा का नाही? तू म्हणालीस, राजाला नुसतं गादीवर बसता येतं, प्रधानाला मात्र फुलावंच लागतं. मी म्हटलं, हे तू आत्ता मनचं सांगितलंस. तू म्हणालीस, व्हय. त्यावर आपण आठवडाभर भांडलो. आपल्याला भांडायला कधी फार मोठं कारण लागलं नाही.

मडमबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, तुला जाताना काय देऊ? दुसऱ्या कुणी शाल मागितली असती. तू ते झाड मागितलंस. पुढच्या थंडीत मुंबईहून स्टेशनवर पार्सल आलं. ते टांग्यात तू मांडीवर घेऊन बसलीस, आणि खड्डा आला की मला दम द्यायचीस, जणू टांगा मीच हाकत होते. लाकडी खोकं, आत पेंढा, ओलं शेवाळं आणि मध्ये वीतभर काडी. काडीला तारेनं जस्ताची एक पट्टी बांधलेली, तिच्यावर जपानी अक्षरं. मी म्हटलं, अगं, ही तर आपल्या तुळशीची वाळकी काडी दिसते. सोबतच्या चिठ्ठीत बहिणीनं लिहिलं होतं की फूल गडद जांभळं येईल, दुहेरी, भरगच्च पाकळ्यांचं. चार-पाच वर्षं वाट पाहावी लागेल. आणि हिवाळा मात्र चांगला कडक हवा. हे शेवटचं वाक्य वाचताना तुझा आवाज खाली आला. सोलापुरात हिवाळा म्हणजे काय असतं, हे तुला काय सांगायला हवं होतं?

शेजारच्या नरसम्माच्या नवऱ्यानं सुताच्या रंगाचं एक लाकडी पिंप अर्धं कापून आणून दिलं. तू ते चार दिवस धूत होतीस, जुना रंग मुळांतून फुलात चढेल म्हणून. नरसम्माला दायजिन म्हणता येईना, तिनं सरळ दाजी करून टाकलं. रोज सकाळी भिंतीवरून विचारायची, "द्वारकाबाई, दाजी उठले का ओ?" लहानपणीच कुंकू पुसलेल्या आपण दोघी, आणि आपल्या घरात दाजी. सगळी आळी हसायची आणि सगळ्यांत जास्त तू. मला आधी राग यायचा. विधवेला कुणी अशी थट्टा करावी हे मला सोसायचं नाही. तू म्हणालीस, "अंबू, आपल्याशी कुणी थट्टा करतंय, हे काय कमी आहे का?" त्यानंतर मीही हसायला लागले. प्रधानजी हे अदबीचं नाव मात्र तूच पाडलंस.

नरसम्माच्या मागावर तू दोन लुगडी विणायला टाकलीस तेही त्याच सुमाराला, एक तुला, एक मला, दोन्हींना जांभळा काठ. तिच्या नवऱ्यानं विचारलं, कुठला जांभळा? तू म्हणालीस, प्रधानजींचा. तो बिचारा सुताच्या पाच-सहा लडी घेऊन आला. मी म्हटलं, गडद म्हणजे वांग्याचा रंग. तू म्हणालीस, जांभळाचा. दोघींपैकी कुणीच ते फूल पाहिलेलं नव्हतं, पण आपण अशा तावातावानं बोलत होतो की त्याला वाटलं, ह्या बायका जपानात जाऊन आल्यात. शेवटी जांभळाचा रंग ठरला, कारण तू ऐकेनास. ते लुगडं नेसून पहिल्यांदा शाळेत जाताना मी काठ मुठीत लपवून चालले होते. नवरा गेल्यापासून मी रंगीत काठ अंगाला लावला नव्हता. तू माझ्या पुढं चाललीस, मुद्दाम हळूहळू, लोकांनी आधी तुझ्याकडे बघावं म्हणून. हे मला शोकसभेत सांगता आलं असतं. त्या दिवशी सुचलं नाही.

उन्हाळ्यात प्रधानजींना न्हाणीच्या सावलीत सरकवायचं, पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळायचं. थंडीत विहिरीचं पाणी उघड्यावर गार करून ते सकाळी उन्हाच्या आधी घालायचं. तू म्हणायचीस, त्याला थंडी आहे असं वाटलं पाहिजे. मी म्हणायची, झाडाला फसवतेस. तू म्हणायचीस, फसवत नाही, समजूत घालते. पहिल्या वर्षी तीन पानं आली. नंतर फांद्या फुटल्या, झाड गुडघ्याएवढं झालं. सहाव्या वर्षी हरभऱ्याच्या घाट्याएवढी एक कळी धरली आणि होळीच्या आतच काळी पडून गळाली. त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी म्हटलं, सुतक पाळतेस की काय, आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

मग मी तुला ताणाचं सांगितलं. माझ्या वडिलांची जेऊरकडं मोसंबीची बाग होती, हे मी तुला शंभरदा सांगून झालं होतं. आमच्याकडे बहार धरायचा तर आधी झाडाला ताण देतात. पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती काढून मुळ्या उघड्या टाकायच्या, पानं गळेपर्यंत हात लावायचा नाही. मग खत घालून माती ओढायची आणि पोटभर पाणी पाजायचं. महिन्याभरात झाड पांढरं होतं फुलांनी. आमचा माळी म्हणायचा, "ताई, लई पाणी पाजलं की झाड नुसतं पानाला जातंय. त्याला जरा मरायची भीती वाटाय पायजे, मग फुलतंय."

तू तेव्हा कणीक मळत होतीस. तुझा हात थांबला. "मला सासरी आठ वर्षं ताण दिलाय, अंबू," तू म्हणालीस. "एक वेळ जेवण, एकादशीला पाणीसुद्धा नाही. मला कुठं बहार आला?"

मी म्हटलं, झाडाची गोष्ट वेगळी. तू म्हणालीस, माझ्या घरात वेगळी नाही, आणि पुन्हा मळायला लागलीस. त्यानंतर मी तो विषय दहा वेळा काढला आणि दहाही वेळा तू तो झटकून टाकलास. मला अजूनही वाटतं, तू तेव्हा झाडाकडे बघतच नव्हतीस. आणि मला हेही वाटतं, मी तुझ्याकडे बघत नव्हते.

आठव्या वर्षी दिवाळी झाली आणि कुर्डुवाडीला तुझ्या वहिनी वारल्या. अण्णा रेल्वेत, दिवसरात्र पाळ्या, तीन लहान मुलं. भावानं बोलावलं आणि तू रजा टाकून गेलीस. जाणं भागच होतं, मला ते कळत होतं. पण कळून काय होतं? शाळेतून आल्यावर कुलूप आपणच उघडायचं, चूल आपणच पेटवायची, आणि आज इन्स्पेक्टर काय बावळटासारखं बोलला हे भिंतीला सांगायचं. त्या आठवड्यांत मी पहिल्यांदा शिकले, की मी एकटी राहू शकत नाही. तोवर मला वाटायचं, मी तुला सोबत देते.

मार्गशीर्षात एका रविवारी तू सकाळच्या गाडीनं आलीस. मी धपाटी आणि शेंगाची चटणी करून दारात उभी होते. तू पिशवी उंबऱ्यात टाकलीस आणि चपला न काढता थेट मागच्या अंगणात गेलीस. तिथून तुझा आवाज आला, पानं कधी गळाली गं? मी कशी आहे हे तू विचारलंस, पण जेवायला बसल्यावर. संध्याकाळी निघताना सांगून गेलीस, पाणी बेतानं घाल, पौषात ते रात्रभर उघड्यावर गार कर, उंदरांकडे लक्ष दे. माझ्याकडे कुणी लक्ष द्यावं असं तुझ्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेतलं.

झाडाच्या भल्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते. तसं थोडं होतंही, बागाईतदाराची लेक मी, आठ वर्षं एक झाड वांझ पाहून माझे हात शिवशिवत होते. पण खरं सांगते, मला राग आला होता. तुझा राग आला होता आणि तू हाताशी नव्हतीस, झाड होतं. मी पिंपातली वरची माती काढली. मुळ्या उघड्या पडल्या, जाड, रताळ्यांसारख्या. मोसंबीची मुळं अशी नसतात, तेवढं बघून तरी मी थांबायला हवं होतं. तीन आठवडे मी त्यांना पाण्याचा थेंब दिला नाही. मग शेणखत घातलं, माती ओढली, पाणी दिलं. त्या साली थंडीही अशी पडली की म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, अशी आम्ही पाहिली नाही. त्यामुळे ते माझ्या ताणानं झालं की त्या थंडीनं, हे मला आजही सांगता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, थंडीनं. मी ऐकलं नसतं.

माघात कळी दिसली. ह्या वेळी ती गळाली नाही.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. मुलांना गोवर निघाला होता, तुला महिनाभर तरी येता येणार नव्हतं. पुढं लिहिलं होतंस, अण्णा म्हणतात नोकरी सोड आणि इथंच राहा. मी त्यांना सांगितलंय की झाडाला फूल आल्याशिवाय मी सोलापूर सोडणार नाही. आणि मग प्रधानजींची विचारपूस, पाच ओळी. अगदी शेवटी कोपऱ्यात, तू प्रकृतीला जप.

झाडाला फूल आल्याशिवाय सोडणार नाही. मी ते पत्र पुन्हापुन्हा वाचलं आणि दरवेळी मला त्यात एकच दिसलं, की फूल आलं म्हणजे तू जाणार. मागच्या अंगणात कळी सुपारीएवढी झाली होती.

फाल्गुनात एका बुधवारी सकाळी ती उघडली. नरसम्मा भावाच्या लग्नाला निजामाच्या मुलखात माहेरी गेली होती, त्यामुळे भिंतीपलीकडून विचारणारंही कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी ते नुसतं सैल झालं. गुरुवारी पुरतं उमललं. द्वारके, ते माझ्या ओंजळीत मावलं नाही. पाकळीवर पाकळी, आत आणखी पाकळ्या, मी मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढं चुकले. वजनानं मान टाकत होतं, म्हणून माझ्या त्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडून मी देठ काठीला बांधला. काठाचा रंग त्याच्यापुढं फिका पडला. वांग्याचा नव्हताच तो. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर जो रंग राहतो ना, तो होता, कडेला थोडा उतरलेला आणि आत काळपट. वास फार नव्हता, किंचित औषधी. दुपारच्या उन्हात मी त्याच्यावर छत्री धरून बसले, शाळेला डोकेदुखीची चिठ्ठी पाठवून. तेव्हा मला कळलं की त्याला प्रधान का म्हणतात. ते मिरवत नव्हतं. खाली बघत होतं, काहीतरी कामाचं मनात असल्यासारखं.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला मी तारेच्या कचेरीत गेले. म्हणजे मी गेले होते, हे तुला कळू दे. तिथल्या बाबूनं माझ्या तोंडाकडे बघून हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, बाई?" तार म्हणजे मृत्यूच, दुसऱ्या कशासाठी आपल्यासारखी माणसं तार करतात? मी म्हटलं, कुणी गेलं नाही. तो म्हणाला, मग मजकूर सांगा, मी इंग्रजीत लिहितो. फूल आलं, ये. तीनच शब्द होते. ते माझ्या जिभेवर आले, आणि त्याच्या पाठोपाठ तू डोळ्यांपुढं आलीस, ट्रंक बांधणारी. मागं रांगेत एक म्हातारा खोकत होता. मी म्हटलं, राहू द्या, आणि घरी आले.

शुक्रवारी तसंच होतं. शनिवारी सकाळी पाकळ्या गळायला लागल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं खाली आलं. मी त्या तुळशीच्या बुडाशी पुरल्या. देठ कात्रीनं कापला. आणि तुला पत्र लिहिलं, प्रधानजी ठीक आहेत.

ठीक नव्हते. ज्या मुळ्यांच्या बळावर ते फुललं त्या मीच सुकवल्या होत्या. चैत्रात पानं आली ती दहा हातांवरूनही आजारी दिसायची. त्याच महिन्यात तुझी मावशी अण्णांच्या घरी राहायला आली आणि तू परत आलीस, पुन्हा तशीच चपलांसकट अंगणात. नखानं फांदी खरवडलीस. आत हिरवं नव्हतं. मग ती कापलेली जागा तुला दिसली. तू विचारलंस, इथं काय होतं? मी म्हटलं, वाळकी काडी होती, छाटली. तू माझ्याकडे पाहिलंस, मग झाडाकडे. "ऊनच भारी आपल्याकडचं," एवढं म्हणालीस आणि पिंपाशेजारी बसून राहिलीस. मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली. त्या दिवशी सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, महिनाभर बोलली नसतीस, आणि मग संपलं असतं. मला ओरडणं चाललं असतं. ट्रंक चालली नसती.

पावसाळ्यात तू त्या पिंपात कढीपत्ता लावलास. झाडाचं नाव पुन्हा काढलं नाहीस. आणि मी वाट बघत राहिले. झाड नाही, आता हिला इथं काय अडवणार? कुर्डुवाडीचं पत्र आलं की मी आधी तुझ्या ट्रंकेकडे बघायची. तू ते वाचून घडी करून ठेवायचीस आणि विचारायचीस, आज आमटी की पिठलं? मी कधी विचारलं नाही की अण्णा काय म्हणतात. विचारलं आणि तू सांगितलंस तर? अशी सहा वर्षं गेली. चांगली गेली, मी कृतघ्न नाही. तुझ्या हसण्यानं गेली, भांडणानं गेली, तुझ्या कच्च्या भाकरी खाऊन गेली. पण त्यातला एक दिवसही मी निर्धास्त नव्हते.

काल अण्णा आले, तुझी ट्रंक न्यायला. थकलेत. मी चहा दिला, तुझी पुस्तकं, चष्मा, तुझं ते जांभळ्या काठाचं लुगडं, सगळं बांधून दिलं. चहा झाल्यावर ते मागच्या अंगणात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. कढीपत्त्यापुढं उभे होते, इकडेतिकडे बघत.

"ते जपानी झाड कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"ते गेलं, अण्णा. सहा वर्षं झाली."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "सहा वर्षं?" ते म्हणाले. "अहो, ह्या दिवाळीला मी तिला लिहिलं. मावशी गेली, मुलं मोठी झाली, आता तरी आपल्या घरी ये. तिनं उलट लिहिलं, झाडाला अजून फूल आलेलं नाही, ते आलं की बघू. दर दिवाळीला हेच लिहायची. मी म्हणायचो, एवढं कसलं ते झाड, एकदा जाऊन बघायला हवं."

"मग ती इथं राहिली कशासाठी?" असं त्यांनी मला विचारलं, आणि माझ्याकडे पाहिल्यावर पुन्हा विचारलं नाही. टांगेवाल्यानं ट्रंक उचलली. जाताना अण्णांनी मला वाकून नमस्कार केला, मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असताना. मला तो घेववला नाही.

द्वारके, काल रात्रभर नाही, आज सकाळीच मला हे पुरतं कळलं, चहाची दोन भांडी विसळताना, आणि कळल्याबरोबर मला तुझा इतका राग आला की एक भांडं मी आपटलं. मेलेलं झाड पुढं करून तू सहा वर्षं भावाला थोपवलंस. त्यांना खरं सांगता येत नव्हतं, ते मला समजतं. भावाचं घर असताना बहीण एका परक्या बाईपाशी राहते, हे कुठल्या तोंडानं लिहिणार? पण मी तर तुझ्या शेजारी निजत होते. त्या माघातल्या पत्रातसुद्धा ते निमित्तच होतं ना? अण्णांसाठी लिहिलेलं वाक्य तू मला तसंच कळवलंस, आणि तुला वाटलं अंबूला समजेल. अंबूला समजलं नाही. अंबूला एवढं शहाणं कुणी केलं नव्हतं. एकदा सरळ सांगायचं होतंस, की मी कुठं जात नाही. मी त्या बाबूला मजकूर सांगितला असता. तू गुरुवारच्या संध्याकाळच्या गाडीनं आली असतीस, आणि शुक्रवारभर फूल होतं.